मदत हवी आहे: अकरा घरांचा सामाईक निधी एकाच माणसाच्या नावावर आहे, तो सगळ्यांचा कसा करायचा? (नाशिक)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न घरातला आहे, पण वकिलाकडे किंवा सीएकडे जाण्याआधी नेमकं काय विचारायचं तेच आम्हाला कळेना, म्हणून इथे लिहिते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं मूळ गाव दिंडोरी तालुक्यात. आजोबांना चार मुलगे, दोन मुली. आता पुढच्या पिढीत वेगळी झालेली धरून अकरा घरं आहेत. चार घरं अजून द्राक्षावर आहेत. बाकीची नाशकात विखुरली: कोणी सिडकोत, कोणी पंचवटीत, कोणी अंबडच्या कारखान्यात नोकरीला म्हणून तिकडेच.

२०१९ च्या पाडव्याला थोरल्या काकांनी सगळ्यांना बसवलं. त्याआधीच्या हंगामात धाकट्या काकांची बाग अवकाळीने गेली होती आणि औषधांच्या उधारीसाठी त्यांनी शेकडा तीनने बाहेरून पैसे उचलले होते. आम्हाला ते वर्षभराने कळलं. सख्ख्या भावांना कळलं नाही याचं थोरल्या काकांना फार लागलं. त्या दिवशी ठरलं की दर घराने महिन्याला २,००० रुपये काढायचे. ज्याला गरज पडेल त्याने निधीतून घ्यायचे, महिना शेकडा पन्नास पैसे देऊन परत करायचे. व्याज कोणा एकाचं नाही, निधीचंच.

करोनात चार महिने हप्ते थांबवले, तेव्हा फक्त पैसे बाहेर गेले. बाकी आजवर ७४ हप्ते झाले. आज हिशेब असा आहे: हप्त्यांचे १६ लाख, व्याजाचे २ लाख ४० हजार, एकूण १८ लाख ४० हजार. त्यातले ११ लाख ५० हजार मुदत ठेवीत, १ लाख ३० हजार बचत खात्यात आणि ५ लाख ६० हजार घरांकडे येणं. एकही कर्ज बुडालेलं नाही. उशीर झाला, पण बुडालं नाही. या पैशांतून एका भाचीची नर्सिंगची फी गेली, आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, धाकट्या काकांची बाहेरची उधारी मिटली. मला हे सांगताना खरंच अभिमान वाटतो, कारण आमच्या घरांत कोणीच श्रीमंत नाही.

आता अडचण. हे सगळं थोरल्या काकांच्या खात्यात आहे. खातं त्यांचं, ठेव त्यांची, नॉमिनी त्यांचा मुलगा. काका ७४ वर्षांचे आहेत. मागच्या महिन्यात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्याच्या बाहेर बसलेले असताना आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात हा विचार येऊन गेला आणि कोणीच बोललं नाही. शेवटी काकाच घरी आल्यावर म्हणाले, "माझ्यानंतर पोरांमध्ये यावरून वाकडं यायला नको. माझ्या डोळ्यांसमोर करा काय ते."

पुरावा म्हणाल तर एक लांबट वही आहे. काकांच्या अक्षरातली, दर महिन्याच्या सह्यांसकट. बस.

दुसरं, एका चुलतभावाला बेदाण्याचं शेड टाकायचं आहे. एक्स्पोर्टला न जाणारा माल दर वर्षी मिळेल त्या भावाने द्यावा लागतो, त्याचा बेदाणा करायचा. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, पण तो टिकतो, भावासाठी थांबता येतं. त्याला निधीतून ६ लाख हवेत आणि त्याचं म्हणणं असं की हे कर्ज नको, सगळ्यांचा धंदा म्हणून करू. "मोहाडीला सह्याद्री उभी राहिली, आपण अकरा घरं एक शेड उभं करू शकत नाही का?" हे त्याचं वाक्य; सह्याद्री म्हणजे तिथली शेतकऱ्यांची कंपनी. तरुण मंडळी त्याच्या बाजूने आहेत. नोकरीतली घरं गप्प आहेत.

तिसरं, मला सर्वांत जास्त छळणारं. अकरांत दोन घरं आत्यांची आहेत. त्यांनी एकही हप्ता चुकवलेला नाही. पण 'कायदेशीर करू' म्हटल्याबरोबर एक काका म्हणाले, एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) काढू, घराण्याचा पैसा घराण्यात राहील. धाकटी आत्या तिथेच बसली होती. काही बोलली नाही, ताटं उचलायला लागली.

चौथं, धाकट्या काकांच्या घराचे १४ हप्ते राहिलेले आहेत, म्हणजे २८,००० रुपये. त्यांना समान वाटा की कमी?

मला हवंय ते इतकंच: पैसा अकरा घरांचा आहे हे कागदावर दिसावं, आत्यांसह प्रत्येक घराला एक मत असावं, कोणी गेलं किंवा बाहेर पडलं तर वाद होऊ नये. सहकारी संस्था काढावी का? कंपनी? ट्रस्ट? ज्यांनी कोणी असं केलं असेल त्यांनी कृपया लिहा.

हिशेबनीस

ताई, आधी आजच्या आज करायच्या गोष्टी, स्वरूप काय असावं ते नंतर.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक त्याच्या हाती पैसे देते आणि मोकळी होते, हक्क वारसांचा. आणि तुमच्या काकांचे कायदेशीर वारस म्हणजे त्यांची पत्नी आणि मुलं, उरलेली दहा घरं नव्हेत. चुलतभाऊ कितीही सज्जन असला तरी उद्या त्याच्या बहिणींच्या सह्या लागतील, जावई विचारतील, आणि तुमच्या हातात ती वही.

म्हणून या आठवड्यात काकांकडून स्टँप पेपरवर एक लेखी घ्या: अमुक खात्यातली, अमुक ठेवीतली इतकी रक्कम माझी वैयक्तिक नसून खालील अकरा घरांनी जमा केलेली आहे, मी ती त्यांच्या वतीने सांभाळतो. प्रत्येक घराची रक्कम लिहा. काकू आणि त्यांच्या सगळ्या मुलांच्या त्यावर 'माहीत आहे, मान्य आहे' अशा सह्या घ्या. नोटरी करा. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून अकरा घरांना पाठवा.

एक विचारतो, ठेव कुठे आहे? पतसंस्थेत असेल तर ठेव विम्याचं संरक्षण नाही. बँकेत असेल तर एका बँकेत एका माणसाच्या नावे मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. तुमचे साडेअकरा एकाच नावावर, एकाच ठिकाणी आहेत.

गोदाकाठ

ठेव सहकारी बँकेत आहे, सगळी एकाच शाखेत. पाच लाखांचं ऐकून होते, पण ते आपल्याला लागू होतं हे डोक्यातच आलं नाही. लेखी उद्याच करायला घेते.

सहकार खात्यातून निवृत्त

सहकारी संस्थेचा विचार आला म्हणून लिहितो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे नोंदणीला किमान दहा सभासद लागतात आणि ते दहाही वेगवेगळ्या कुटुंबांतले हवेत. तुम्ही म्हणाल अकरा घरं आहेत. पण तिथे 'कुटुंब' म्हणजे वेगळी चूल नव्हे. नवरा-बायको, आईवडील, मुलंच काय, सख्खे भाऊ-बहीण आणि भावजयही एकाच कुटुंबात मोजतात. तुमच्याकडे चार सख्खे भाऊ आणि दोन बहिणी आहेत, तिथेच गणित अडतं. शिवाय कर्ज देणारी संस्था म्हणजे पतसंस्था, तिच्या भागभांडवलाच्या आणि सभासदसंख्येच्या अटी तुमच्या आवाक्याबाहेरच्या आहेत.

तरीही या कायद्यातल्या दोन गोष्टी घरी घेऊन जा, त्या नोंदणीशिवायही वापरता येतात. एक, ज्याचे भाग जास्त त्याचं मत जास्त असं सहकारात नसतं. एक सभासद, एक मत. दुसरी, निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो. मी ३१ वर्षं संस्था पाहिल्या. ज्या टिकल्या त्यांच्याकडे कोणालाही वाटून न घेता येणारा असा एक पैसा होता. तुमचे २ लाख ४० हजार व्याज आहे ना, त्याला हात लावू नका. कोणी बाहेर पडला तर त्याला त्याचे हप्ते पूर्ण परत, पण व्याजातला निदान चौथा हिस्सा कायमचा निधीचा. 'आपलं' म्हणायला काहीतरी वाटणीच्या पलीकडचं लागतं.

आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. १९१४ साली मविप्र (मराठा विद्या प्रसारक समाज ही शिक्षणसंस्था) उभी राहिली तेव्हा देणाऱ्यांना त्यातून परत काय मिळणार होतं? पुढच्यांची पोरं शिकली.

एक सीए, गंगापूर रोड

बऱ्याच जणांना एकदम उत्तर देतो.

एचयूएफ नको. निधी वडिलोपार्जित मिळकत नाही, अकरा घरांनी स्वतःच्या कमाईतून घातलेला पैसा आहे. कारभार कर्त्याकडे जातो, म्हणजे परत एकाच माणसाकडे. आत्यांचं म्हणाल तर मुलगी लग्नानंतरही वडिलांच्या कुटुंबात सहदायाद, म्हणजे जन्माने हक्काची वाटेकरी, राहते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच तसा कायदा केला, २००५ मध्ये देशभर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे 'एचयूएफ केला की आत्या बाहेर' हा समज मुळात चूक आहे. पण आत्यांचे यजमान आणि मुलं त्यात येत नाहीत, आणि हप्ता तर त्यांच्या घरातून येतो. म्हणून हे भांडं तुमच्या कामाचं नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. एक सभासद एक मत आहे, चांगलंच आहे. पण सभासद खरोखर उत्पादक हवेत. तुमची चारच घरं शेतीत आहेत. भावाला सह्याद्रीचं उदाहरण देऊन उत्साह येतो हे बरोबर आहे, पण तिथे आधी माल एकत्र झाला. तुमच्याकडे फक्त पैसा एकत्र आहे.

आता जरा गंभीर. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा कायदा आहे. तो लोकांना फसवणाऱ्या योजनांसाठी आहे, तुमच्यावर कोणी धाड घालणार नाही. पण माणसाने नातेवाइकांकडून घेतलेल्या कर्जाला त्यात सूट आहे आणि 'नातेवाईक' या व्याख्येत भाऊ-बहीण, आईवडील, मुलं, सून, जावई आहेत. पुतण्या, भाचा, चुलतभाऊ नाहीत. तसंच राज्याच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे व्याजाने कर्ज देण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. एका माणसाच्या खात्यातून वर्षानुवर्षं व्याजाने पैसे जात-येत आहेत, हे चित्र बाहेरून चांगलं दिसत नाही. ठेवीचं सगळं व्याजही काकांच्याच पॅनवर दिसतं. आणि कर्ज रोखीने देता का? २० हजार किंवा त्यावरची रक्कम रोखीने घेता-देता येत नाही, घरच्या घरातही. हे आजपासून बंद करा.

सिन्नरची मावशी

मी सिन्नरला बचत गट चालवते, अठरा वर्षं झाली. तुमचं वाचून राहवलं नाही.

ताई, तुमच्याकडे अकरा घरं आहेत म्हणजे अकरा बायका आहेत. दहा ते वीस जणींचा गट होतो, घरटी एक. नोंदणी लागत नाही. बँकेत गटाच्या नावाने खातं निघतं, कागदपत्रं पदाधिकाऱ्यांची घेतात. ठराव करायचा, तिघींपैकी दोघींच्या सह्यांनी पैसे काढायचे. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांना जोडायला सुरुवात केली तेव्हापासून बँकांना हे काम पाठ आहे. आणि तुम्ही सहा वर्षं जे करताय ती आमची पंचसूत्रीच आहे: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेबाची वही. तुमच्या काकांनी गटच चालवलाय, फक्त बायकांना विचारलं नाही.

यात तुमच्या आत्या आपोआप बरोबरीच्या सभासद होतात. त्यांना कोणी 'बाहेरच्या' म्हणूच शकत नाही.

हप्ते राहिलेल्या घराचं सांगते. आमच्यात एकीचा नवरा गेला, अकरा महिने तिने भरले नाहीत. आम्ही तिला काढलं नाही, व्याजही लावलं नाही. पण तिची बचत वहीत जितकी तितकीच लिहिली. मत पूर्ण, बचत जितकी भरली तितकी. तिलाही ते बरं वाटलं. फुकट दिलेलं तिला नको होतं.

पूर्वी पोळलेला

मी नकारात्मक वाटेन, पण सांगतो. आमच्याकडेही असाच निधी होता, नऊ घरांचा. चांगला चालला होता. मग सगळ्यांनी मिळून एका भावाच्या जागेवर गोदाम बांधलं. पैसा नऊ जणांचा, सातबारा एकाचा. तीन वर्षांनी तो भाऊ आणि मी एकमेकांच्या दारासमोरून मान खाली घालून जायला लागलो. आईच्या दहाव्यालाही नीट बोललो नाही. पैशाचं मला काही वाटत नाही.

शेड कोणाच्या जमिनीवर होणार आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

गोदाकाठ

दादा, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवेना. शेड त्या चुलतभावाच्या वडिलांच्या जमिनीत, रस्त्याकडेला. आमच्यातल्या कोणालाच हा प्रश्न सुचला नव्हता. इतके दिवस आम्ही फक्त जाळ्या आणि डिपिंगचा (सुकवण्याआधी द्राक्षं द्रावणात बुडवण्याचा) खर्च मोजत होतो.

एक सीए, गंगापूर रोड

मावशींनी जे सांगितलं ते मला सुचलं नव्हतं आणि ते बरोबर आहे. माझं मत आता असं: दोन भांडी करा.

अडीनडीचा पैसा गटात. महिन्याचा हप्ता, लहान कर्ज, आजारपण, फी. तो धंद्यात अजिबात घालायचा नाही. १८ लाख ४० हजार एकदम गटात नेऊ नका; बँकेशी बोला, आधी नवे हप्ते सुरू करा, जुनी ठेव मुदत संपेल तशी ज्या त्या घराच्या खात्यात परत करा आणि तिथून ठरेल तेवढंच गटात जाऊ दे. म्हणजे कागदावर मालक कोण ते एकदा स्वच्छ होईल.

शेडचं भांडं वेगळं. ज्यांना यायचं आहे त्यांनीच, स्वतःच्या परत आलेल्या पैशातून. नोंदणीकृत भागीदारी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. भागीदारीत धंदा बुडाला तर घेणेकरी प्रत्येक भागीदाराच्या घरापर्यंत येऊ शकतो. एलएलपीत जबाबदारी घातलेल्या भांडवलापुरती राहते, पण दर वर्षी विवरणपत्रं भरावीच लागतात. भांडवल २५ लाखांच्या आणि उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर लेखापरीक्षण सक्तीचं नाही. आणि जमिनीचा भाडेकरार एक वर्षाहून जास्त मुदतीचा, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, शेड उभं राहण्याआधी. करार संपल्यावर पत्रे, जाळ्या, मशिनरी कोणाची, हे त्यात लिहिलेलं हवं. त्या भावाचे वडील जमीन भाड्याने द्यायला तयार नसतील तर शेड करू नका, इतकं सरळ.

गप्प बसलेल्या नोकरीवाल्या घरांना यातून 'नाही' म्हणायची वाट मिळते. ती फार गरजेची असते.

गोदाकाठ

मंडळी, काल थोरल्या काकांकडे बैठक झाली, म्हणून काय झालं ते लिहिते.

लेखी झालं. काकू आणि तिन्ही मुलांनी सह्या केल्या. मोठ्या चुलतभावाने तर सगळ्यांआधी केली आणि म्हणाला, हे दवाखान्यातच माझ्या डोक्यात होतं, पण मी बोललो असतो तर वेगळं वाटलं असतं. रोखीचा व्यवहार बंद.

मावशींचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. थोडा वेळ कोणी बोललं नाही. एक काका म्हणाले, मग आम्ही काय करायचं? त्यावर थोरले काका म्हणाले, हप्ते भरायचे. गट करायचं ठरलं. अध्यक्ष धाकटी आत्या, हे काकूंनी सुचवलं. आत्या नको नको म्हणाली, मग हो म्हणाली. राखीव चौथा हिस्सा सगळ्यांना पटला. धाकट्या काकूंनी स्वतःच सांगितलं की आमचे २८,००० कमी धरा, मत मात्र पूर्ण हवं. दोन्ही मान्य झालं.

शेडवर एकमत झालेलं नाही. भाऊ नाराज आहे. भाडेकराराचं नाव काढल्यावर त्याचे वडील उठून ओट्यावर जाऊन बसले. नंतर चहाला आत आले. पाच घरं पैसे घालायला तयार आहेत, पण जमिनीचं लेखी झाल्याशिवाय नाही. त्याला अजून महिना दिला आहे, कारण छाटण्या उरकेपर्यंत कोणाला सवड नाही.

आता दोन गोष्टींवर मदत हवी. आमच्या अकरा जणी पंचवटी, सिडको, अंबड आणि दिंडोरी तालुका अशा विखुरलेल्या आहेत. शाखा कुठली धरावी आणि विखुरलेल्या सभासदांचा गट बँक मान्य करते का, याचा कोणाला नाशकात प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा. आणि मावशी, तुमच्या गटाच्या नियमावलीत बाहेर पडणाऱ्या सभासदाला किती दिवसांत पैसे द्यायचे असं लिहिलंय? आमच्यात सहा महिने आणि एक वर्ष अशी दोन मतं आहेत. पुढची बैठक येत्या रविवारी पंचवटीत आत्याकडे आहे, त्याआधी कळलं तर बरं होईल.

सिन्नरची मावशी

आमच्यात तीन महिने, पण तिच्यावर कर्ज असेल तर आधी ते वळतं करून. तुमची रक्कम मोठी आहे, सहा महिने ठेवा, दोन हप्त्यांत द्या. वर्ष फार होतं. बाहेर पडणारी बहुधा अडचणीतच असते. नियमावलीचे फोटो संध्याकाळी टाकते. आत्यांना माझा नमस्कार सांगा.